सिद्राम अण्णांची हाक

त्या वर्षी आमच्या गल्लीत सिद्राम अण्णांना कुणी रामराम घालत नव्हतं. येईल तो एकच विचारायचा, "आलं का?" अण्णांनी त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. सकाळी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता, मागे कोण उभं आहे हे न बघताच ते सांगून मोकळे व्हायचे, "अजून न्हाय आलं!" एकदा मागे वीजबिलं वाटणारा उभा होता. तो म्हणाला, "न्हाय कसं? हे काय, आलंय की," आणि त्याने बिल त्यांच्या हातात ठेवलं. अण्णा हसले नाहीत. हसण्याचा कंटाळा यावा इतकी ती चौकशी झाली होती.

यायचं होतं ते व्हिडिओ गेमचं नवं मशीन. परदेशातली कुठलीशी कंपनी ते काढणार होती. कसं असेल, कधी येईल हे कंपनीने अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं, पण उमरग्यात ते सगळ्यांना माहीत होतं.

माझं मेडिकल अण्णांच्या गेमच्या दुकानाला लागून. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडचा गोळीबार माझ्या खोकल्याच्या औषधांच्या फळीपर्यंत यायचा. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ते मला अक्का म्हणायचे. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण आमच्याकडे कर्नाटक हाकेवर, आणि दुकानात बसणाऱ्या बाईला अक्का म्हणायची रीत. उंच, किडकिडीत माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गळ्याची घाटी मोठी, आणि ती वरखाली व्हायला लागली की समजायचं, अण्णा आता काहीतरी बोलणार.

त्यांचा मूळ धंदाच बोलण्याचा होता. रिक्षाला भोंगा बांधून गावभर हाक मारत फिरायचं. टॉकीजला नवा सिनेमा लागला, साड्यांचा सेल आला, सर्कस आली, डोळे तपासायचं शिबिर आलं, की अण्णा निघायचे. "उमरगा नगरीतल्या बंधू-भगिनींनोऽऽ" असं ते सुरू करायचे आणि भांडी घासणाऱ्या बायका नळ बंद करून ऐकायच्या. त्या आवाजाला एक शिस्त होती. ते म्हणायचे, "बघितल्याबिगर हाक न्हाय." साड्यांचा सेल असेल तर आधी दुकानात जाऊन काठ ओल्या बोटाने चोळून बघायचे, रंग जातो का. रंग गेला तर मालकाला सांगायचे, "साड्या हायत म्हणून सांगतो, टिकतात म्हणून सांगायचो न्हाय." एका सोनाराने पेढीच्या उद्घाटनाला सिनेमातली नटी येणार म्हणून पुकारायला सांगितलं. अण्णांनी विचारलं, "तिचा काय निरोप? पत्र? फोन?" सोनार म्हणाला, "तुम्ही बोला तर खरं." अण्णांनी भोंगा उतरवून ठेवला. सोनाराने दुसरी रिक्षा लावली. उद्घाटनाला नटी आली नाही, पण तेवढ्यासाठी अर्धं गाव उन्हात जमलं आणि घामाघूम होऊन परत गेलं. तेव्हापासून गावात म्हणच पडली, अण्णा बोललाय म्हणजे बघूनच बोलला असेल.

पुढे रिक्षात माणसाच्या जागी पेनड्राइव्ह बसला. पुण्याकडच्या कुठल्याशा बाईच्या गोड आवाजात उमरग्यातल्या हॉटेलाचं कौतुक गावभर फिरू लागलं. त्या बाईने ते हॉटेल जन्मात पाहिलं नसणार. अण्णा घरी बसले. त्यांचा जावई नळदुर्गजवळ हायवेवर ढाबा चालवायचा. त्याने हैदराबादहून दोन जुनी गेमची मशीनं आणि दोन टीव्ही आणून दिले, आणि अण्णांनी माझ्याशेजारी दुकान थाटलं. स्वतःला त्यातलं काही खेळता येत नसे. ते स्टुलावर बसून पोरांच्या क्रिकेटच्या गेमचं धावतं वर्णन करायचे, जुन्या भोंग्याच्या थाटात, आणि पडद्यावरच्या खेळापेक्षा ते ऐकायलाच गर्दी व्हायची. कॉलेजची पोरं, ट्रकचे क्लीनर, बाजाराला आलेली माणसं. पडद्यावरचा बॅट्समन बाद झाला की अण्णा म्हणायचे, "गेला बिचारा! घरी जा, भाकरी खा, उद्या ये!"

नव्या मशीनची पहिली खबर आणली धनराजने. धनराज म्हणजे समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आणि गेम म्हटलं की सलाईनची बाटली अर्धी लावून पळत येणारा. त्याच्या मोबाईलवर दिवसभर असले व्हिडिओ चालू असत. त्यांत तोंड वासलेला कुणीतरी तरुण, लाल बाण, आणि 'लीक झालं' अशी अक्षरं. तो सांगायचा, "अण्णा, काळं कुळकुळीत हाय. मधून निळा उजीड. त्येला तबकडी लागत न्हाय, काय लागत न्हाय."

"तू बघितलंस?"

"आवो, सगळ्या जगानं बघितलंय."

सगळ्या जगाने जे पाहिलं ते आमच्या गल्लीत रोज थोडं थोडं वाढत होतं. क्लीनर लोक म्हणाले, ते ट्रकच्या केबिनमध्येसुद्धा चालणार. एका आईने मला औषध घेता घेता विचारलं, "त्या नव्यानं पोरांचे डोळे बिघडत न्हायत म्हणे, खरं का?" आणि एका दुपारी, लाईट जाऊन तास-दीड तास झाल्यावर, दुकानाच्या पायरीवर वारा घेत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ते मशीन लाईट गेली तरी चालतं. ही खबर कुठल्या व्हिडिओत नव्हती. ती आमच्या पायरीवरच जन्मली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांत पक्की खबर तीच झाली. ज्याला जे हवं होतं, ते त्याने त्या मशीनमध्ये भरलं.

मला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येऊन 'ती टीव्हीवर दाखवतेत ती ताकदीची बाटली' मागतं. त्यात गुळाच्या पाण्याहून फार काही नसतं, हे मी सांगून सांगून थकले. लोक माझ्याकडे कीव करून बघतात आणि पुढच्या मेडिकलमधून बाटली घेतात. मी सांगणं सोडलं. अण्णांनी सोडलं नव्हतं, एवढाच आमच्यात फरक.

मग कंपनीची स्वतःची पहिली जाहिरात आली. धनराज ती दाखवायला धावत आला. आम्ही तिघं मोबाईलवर वाकलो. अंधार. एक घुमणारा आवाज. एक तिरीप. पुन्हा अंधार. संपलं. मी म्हटलं, "यात तर काहीच नाही." अण्णांनी मात्र ती पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते मान हलवत म्हणाले, "अक्का, लई शाना माणूस बसलाय बघा तिकडं. आमी घसा फोडून फोडून इकायचो. ह्यो गप बसून इकतोय. त्येनं काय बी कबूल केलं न्हाय. ज्ये बोलायचं त्ये आपुनच बोलाय लागलोय, त्ये बी फुकटात." धनराजला यातलं काही कळलं नाही. तो तिरीप थांबवून थांबवून त्यात निळा रंग शोधत होता.

त्या तिरिपीचा पहिला फटका अण्णांच्याच दुकानाला बसला. पोरं यायची, पायरीवर बसायची, पण आत जाईनात. "आता नवं येतंय अण्णा, जुन्यावर हात कशाला बिघडवायचा?" माल यायच्या आधीच त्याने जुन्याला मारलं. दुपारी दोन्ही टीव्ही बंद, अण्णा स्टुलावर एकटे, आणि भिंतीपलीकडून काही आवाज नाही. मला ती शांतता नकोशी व्हायची. उठून मी उगाच एखादा खोका जोरात ठेवायचे.

शेवटी अण्णांनी सोलापूरच्या व्यापाऱ्याकडे मशीन सांगून ठेवलं. धनराज आणि त्याच्या मंडळींनी लगेच फ्लेक्सचा घाट घातला. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय काही होत नाही. वाढदिवस, निवड, बदली, नवी बुलेट, सगळ्याला फ्लेक्स. मोबाईलवरचं काळं मशीन निळ्या उजेडासकट फ्लेक्सच्या मधोमध, वर 'उमरगा नगरीत प्रथमच', एका बाजूला हात जोडलेले अण्णा, आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत गॉगल घातलेला धनराज. मला न विचारता माझ्या मेडिकलचंही नाव. फ्लेक्स चौकात चढला, तेव्हा मंडळी म्हणाली, आता तुमची हाक पाहिजे, अण्णा. पेनड्राइव्ह नको, तुमचा आवाज.

शांतावैनी, म्हणजे अण्णांची बायको, त्या दिवशी माझ्या काउंटरपाशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमी बघितलंय का त्ये?"

अण्णांची घाटी वरखाली झाली. "न्हाय."

"मंग?"

"सगळे म्हणतेत की."

"साड्यांच्या बाबतीत सगळे म्हणत हुते तवा बोट वलं करून बघत हुता."

अण्णा म्हणाले, "त्येला बोट लावाय ते हाय कुटं?" आणि रिक्षात बसले. किती तरी वर्षांनी गावात तो आवाज फिरला. काळं मशीन, निळा उजेड, जगात नवं, उमरग्यात पहिलं. नळ बंद झाले. मीसुद्धा गिऱ्हाईक थांबवून दारात आले. आवाज जरा कापत होता, पण होता तोच. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लाईटीचं ते काही बोलले नाहीत. लोकांनी मात्र तेही अण्णांच्याच नावावर टाकलं. "अण्णांनी भोंग्यावर सांगितलंय, लाईट गेली तरी चालतंय."

शेवटपर्यंत कंपनीने मशीनचं रूप झाकूनच ठेवलं. मशीन आलं त्या दिवशी दुकानापुढे उभं राहायला जागा नव्हती. वैनींनी खोक्याला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, अण्णांनी स्वतः खोकं उघडलं.

आत पांढरट, बुटकं, कडा गोल केलेलं काहीतरी होतं. ठेवणीतल्या डब्यासारखं. निळा उजेड नव्हता. पुढे कडेला एक बारीक दिवा होता, तोही पिवळा.

"ह्ये न्हाय ते," मागून कुणीतरी म्हणालं.

धनराज पुढे आला. त्याने चौकातल्या फ्लेक्सकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसा खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, तुमाला डुप्लिकेट दिलं सोलापूरवाल्यानं."

अण्णांनी खोक्यावरचं छापील नाव दाखवलं. कंपनीचं सील दाखवलं. बिल दाखवलं. "बिल काय, बिल बी छापता येतंय," एकजण म्हणाला. अण्णांनी मशीन टीव्हीला जोडून चालू केलं. पडद्यावर चित्र उमटलं, आणि असं उमटलं की मी तोवर तसलं कधी पाहिलं नव्हतं. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसत होता. गर्दी जरा पुढे सरकली. आता सगळं सावरणार असं वाटत होतं, तेवढ्यात लाईट गेली. मशीन बंद पडलं.

"बगा!" धनराज ओरडला. "म्या म्हणलं न्हवतं? डुप्लिकेट!"

लाईट गेल्यावर मशीन बंद पडतं, यावरून ते नकली ठरवणारं आमचं गाव एकटंच असेल. लोक पाय ओढत निघून गेले. माणसांना फसवलं गेल्याचा राग येतो तसा राग कुणालाच आला नव्हता. सगळ्यांना अण्णांची दया आली होती. राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

काही दिवसांनी कंपनीने सगळीकडे खऱ्या मशीनच्या जाहिराती सोडल्या. त्यातलं मशीन पांढरट, बुटकं आणि गोल कडांचं होतं. काळं चित्र कुठल्या तरी देशातल्या हौशी माणसाने घरी बसून कॉम्प्युटरवर काढलेलं, असंही कळलं. मला वाटलं, आता गल्ली अण्णांकडे येऊन दोन शब्द बोलेल. कुणी आलं नाही. धनराज म्हणाला, "म्या पयल्यापासून म्हणत हुतो, पांढरं असंल." आणि पुढच्या श्वासाला, "पण ह्याच्यात आता राम न्हाय. पुढचं येतंय."

अण्णांना तेवढ्यावर सोडून देता येत नव्हतं. दुकानाचं ते फार बोलत नसत. पण आपल्या आवाजात न पाहिलेलं गेलं, हे त्यांना जेवू देत नव्हतं, असं वैनी सांगायच्या. एका सकाळी त्यांनी पदरचे पैसे घालून रिक्षा केली, भोंगा बांधला, आणि निघाले. मी दुकानातून प्रत्येक शब्द ऐकला.

"बंधू-भगिनींनोऽऽ, म्या सिद्राम. मागं म्या तुमाला काळं मशीन, निळा उजीड सांगितला. त्ये म्या बघितलं न्हवतं. न बघता हाक दिली. लाईटीचं म्या बोललो न्हवतो, पर लोक बोलत हुते तवा गप बसलो, त्ये बी बोलल्यासारखंच. आलेलं मशीन खरं हाय. चित्र खोटं हुतं. चूक माझी. ज्येनी इस्वास ठेवला त्येंची माफी मागतो."

चौकाचौकांत थांबून ते हेच बोलले. नगरपालिकेपुढे, बस स्टँडवर, बाजारात. मला वाटलं, आज या माणसाचं गावाशी असलेलं खातं पुन्हा सरळ होईल.

दुपारी धनराज हसत हसत काउंटरवर आला. "अक्का, काय डोकं हाय बघा अण्णाचं! माफी मागून गिऱ्हाईक वडतोय. असली आयडिया तर कंपनीला बी सुचली न्हाय." मी म्हटलं, "अहो, ते खरंच माफी मागतायत." त्याने मला डोळा मारला. मला, वयाने त्याच्याहून मोठ्या बाईला.

संध्याकाळी दुकान भरलं. कुणीतरी हाकेचा व्हिडिओ काढून पसरवला होता, आणि गुलबर्ग्याकडून गाडीवर पोरं आली होती, 'माफीवाल्या अण्णां'ना बघायला. ती मशीनवर खेळत होती, खूश होत होती, आणि मोबाईल धरून म्हणत होती, "अण्णा, ते माफीचं एकदा म्हणा की. तसंच, भोंग्यात म्हणलाव तसं." अण्णांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि उठून माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मी पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला.

"अक्का," ते म्हणाले, "खोटं बोललो तवा बी हीच माणसं आली. खरं बोललो तवा बी हीच आली, हासत आली. मंग माझ्या बोलण्यानं फरक काय पडला?"

मी तांब्या उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

दुकान चालत होतं, आणि अण्णांनी तेव्हाच ते बंद केलं. मशीनं गुलबर्ग्याच्या माणसाला देऊन टाकली आणि दोघं नवरा-बायको लेकीकडे, नळदुर्गच्या ढाब्यावर राहायला गेली. औषधं आणायला मी सोलापूरला जायचे, तेव्हा येताना उतरून त्यांना भेटायचे. अण्णा मागच्या बाजूला लसूण सोलत बसलेले असत. बोलणं फार कमी झालं होतं. एकदा एका ट्रकवाल्याने त्यांना विचारलं, "काका, आज भाजी कशी हाय?" अण्णांनी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि लसूण सोलायला लागले. ट्रकवाल्याला वाटलं, म्हातारा बहिरा आहे.

इकडे उमरग्यात ते फार मोठे झाले होते. कुणी सांगायचं, त्यांना कंपनीने हैदराबादला ठेवून घेतलंय, जाहिरातींना आवाज द्यायला. कुणी म्हणायचं, सोलापुरात एसी गेमिंग हॉल काढलाय. मी सांगायचे, ते ढाब्यावर आहेत, लसूण सोलतात, मी कालच पाहिलं. लोक समजूतदारपणे हसायचे. धनराज म्हणायचा, "तसं सांगावं लागतं, अक्का. करार असतोय त्येंचा."

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे त्यांच्या लेकीचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. मी पहिल्या गाडीने नळदुर्गला गेले. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. विभूती लावून, पांढऱ्या कपड्यात अण्णांना बसवलं होतं, आणि क्षणभर वाटलं, घाटी हलेल. वैनी माझा हात धरून रडल्या. मीही रडले. सगळे उठेपर्यंत मी तिथे थांबले.

दुपारी उमरग्याला उतरले. मातीहून आलेलं माणूस आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवत नाही, म्हणून मी माझ्याच दुकानापुढे रस्त्यात उभी राहिले, शटरला हात न लावता. पण गल्लीला सांगितल्याशिवाय घरी जाववेना. धनराज दवाखान्याच्या दारात होता. मी त्याला म्हटलं, "अण्णा गेले."

त्याचा चेहरा पडला. त्याला वाईट वाटलं, हे मला दिसलं. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि अंगठ्याने वर वर सरकवत राहिला.

"ग्रुपवर तर काय आलं न्हाय, अक्का. कुणी सांगितलं तुमाला?"

"मी मातीहून येतेय, धनराज."

"व्हय, पण..." त्याने मोबाईलवरून नजर काढली नाही. "फोटो हाय का एखादा?"

माझे पाय दुखत होते. मी घराकडे चालू लागले. मागून मला त्याचा आवाज ऐकू आला, पायरीवरच्या कुणाला तरी तो सांगत होता, "अण्णा गेले म्हणे."